विद्यापीठ कुठंय?

१९४९ साली गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक आलं. त्यात सुरुवातीलाच एका पाहुण्याची गोष्ट आहे. परदेशातून आलेला हा माणूस पहिल्यांदाच ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज बघायला आलाय. त्याला कॉलेजं दाखवतात, ग्रंथालयं, मैदानं, संग्रहालयं, विज्ञानाचे विभाग, कचेऱ्या, सगळं हिंडवून दाखवतात. शेवटी तो विचारतो, हे सगळं बघितलं, पण विद्यापीठ कुठंय?

एम.ए.ला तत्त्वज्ञान शिकताना हे उदाहरण आलं की वर्गात हमखास हशा पिकायचा. राइलचं म्हणणं असं की, पाहुण्याला वाटतंय विद्यापीठ ही आणखी एक इमारत आहे, जी त्याला दाखवायची राहून गेली. प्रत्यक्षात त्यानं जे जे बघितलं ते ज्या रीतीनं एकत्र बांधलंय, त्या रीतीचंच नाव विद्यापीठ. एका जातीच्या गोष्टीला दुसऱ्या जातीची समजण्याच्या या घोटाळ्याला राइल 'कॅटेगरी मिस्टेक' म्हणतो. त्याला खरं तर विद्यापीठाशी काही घेणंदेणं नव्हतं. शरीराच्या आत मन नावाची आणखी एक अदृश्य वस्तू बसलेली असते, ही देकार्तची कल्पना त्याला खोडायची होती. पाहुणा बिचारा उदाहरणापुरता आला आणि पाऊणशे वर्षं मूर्ख ठरून बसला.

मला तो मूर्ख वाटत नाही. त्याचा प्रश्न चुकीचा ठरतो तो एकाच अटीवर: दाखवलेल्या इमारती खरोखरच एकमेकींशी बांधलेल्या असल्या पाहिजेत. त्या तशा नसतील, तर विद्यापीठ कुठंय हा भाषेतला घोटाळा उरत नाही. ती तक्रार होते, आणि रास्त तक्रार होते.

राइलचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९४९ला, पुणे विद्यापीठ सुरू झालं. बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. आज आपण त्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणतो. गणेशखिंडीतला चारशे एकरांहून मोठा परिसर, जुनी झाडं, आणि त्या झाडांमागे लपलेले विभाग. लातूरचा माझा मावसभाऊ बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा त्याला मी हा परिसर दाखवायला नेलं. फिजिक्सला एम.एस्सी. करायची हे घरात ठरलेलं. मावशीच्या यजमानांचं खताचं दुकान आहे. शिक्षणाबद्दल त्यांचा हिशेब सरळ असतो: किती वर्षं, किती खर्च, पुढे काय. भावाच्या मनात मात्र इतिहास होता. ते त्यानं फक्त मला सांगितलं होतं, तेही व्हॉट्सॲपवर, आणि नंतर मेसेज डिलीट केला होता.

दिवस आम्ही २८ फेब्रुवारीचा निवडला. त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन असतो आणि आयुकाची दारं सगळ्यांसाठी उघडतात.

गेटवर सुरक्षारक्षकानं विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटला?" मी म्हटलं, "असंच, विद्यापीठ बघायचंय." तो जरा गोंधळला. त्याच्याकडे नोंदवहीत डिपार्टमेंटचा रकाना होता, विद्यापीठाचा नव्हता. शेवटी त्यानं 'मेन बिल्डिंग' लिहिलं.

मेन बिल्डिंग म्हणजे जुनं गव्हर्मेंट हाउस. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला यायचा, त्याचा हा बंगला. बार्टल फ्रेअर गव्हर्नर असताना १८६४मध्ये बांधकाम सुरू झालं, १८७१मध्ये संपलं. जेम्स ट्रबशॉ हा वास्तुविशारद. उंच मनोरा, कमानी, लांबलचक व्हरांडे. २२ जून १८९७च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड आणि आयर्स्ट इथूनच निघाले होते आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांना गाठलं. भावाला ही तारीख पाठ होती. बी.एस्सी.च्या पोराला ती पाठ असायचं काही कारण नव्हतं. तो मनोऱ्याकडे न बघता मागे वळून रस्त्याकडेच बघत राहिला, बग्गी कुठून वळली असेल असं काहीतरी मनात मोजत असावा.

या इमारतीचे फोटो विद्यापीठाची ओळख म्हणून सगळीकडे छापतात. गंमत अशी की ती बांधली गेली तेव्हा इथं विद्यापीठ होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. विद्यापीठ नंतर राहायला आलं. म्हणजे जी इमारत दाखवून 'हे बघ विद्यापीठ' असं आपण म्हणतो, तिनं आयुष्याची पहिली पाऊणशे वर्षं त्याच्याशिवाय काढली आहेत.

तिथून आम्ही विज्ञानाच्या विभागांकडे गेलो. फिजिक्सच्या कॉरिडॉरमध्ये पोस्टर, प्रयोगशाळेच्या बंद दारामागून पंपाची घरघर, बाहेर चपला. एका संशोधक विद्यार्थिनीनं आम्हाला पाच मिनिटं आत घेतलं, व्हॅक्यूम चेंबर दाखवला, आणि आपल्याला झोप मिळालेली नाही हे हसत सांगितलं. भाषांच्या विभागात वेगळीच शांतता होती. एका वर्गात सात-आठ मुलं आणि एक सर पाली गाथेतल्या एका शब्दावर अडले होते. ते अडून राहणं छान होतं, कुणालाच घाई नव्हती. ललित कला केंद्राजवळून जाताना पखवाजाचा एकच बोल पुन्हा पुन्हा ऐकू आला. वाजवणाऱ्याला तो हवा तसा येत नसावा. खरं सांगायचं तर पंप, गाथा आणि पखवाज या तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट चाललेली दिसली, पण तिघांनाही एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

आयुकात तुफान गर्दी. शाळांच्या बसच्या बस. जयंत नारळीकर या संस्थेचे संस्थापक संचालक. १९८८मध्ये ती स्थापन झाली, आणि वास्तू चार्ल्स कोरिया यांची. मधल्या खोलगट अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि पोरं न्यूटनच्या बाजूला बसून सेल्फी काढत होती. आकाशाबद्दल जे कळलंय ते वास्तूतच गुंफायचं, दगड आणि पायऱ्यांतून सांगायचं, असा कोरियांचा प्रयत्न इथं जागोजागी दिसतो. कलेची इमारत की विज्ञानाची, असं तिथं विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे.

पण एक अडचण आहे. आयुका विद्यापीठाच्या आवारात असली तरी विद्यापीठाचा भाग नाही. ती विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वायत्त संस्था आहे, देशभरातल्या सगळ्याच विद्यापीठांसाठी. उलट नाशिकमधलं किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातलं एखादं कॉलेज, जिथल्या मुलांनी गणेशखिंड कधी पाहिलेलीही नसते, ते मात्र संलग्न असल्यामुळे विद्यापीठात मोडतं. भावाला मी हे सांगितलं. तो एका दगडी कट्ट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, मग आतलं बाहेरंय अन् बाहेरलं आत. तर विद्यापीठ कुठंय म्हणायचं?"

त्यानं राइल वाचलेला नव्हता.

या प्रश्नाला आपल्याकडे फार जुनी उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांशी भांडतात. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? दांडा? नाही. आस? नाही. चाकं? नाही. हे सगळं मिळून? तेही नाही. मग याहून वेगळं काही? नाही. मग रथ कुठाय? राजा म्हणतो, या सगळ्या भागांच्या आधारानं 'रथ' हे नुसतं नाव चालतं. नागसेन म्हणतो, बरोबर, आणि माझंही तसंच. राइलच्या कितीतरी शतकं आधी पाहुणा इथं उलटा उभा आहे: इथं शहाणा माणूसच प्रश्न विचारतो आणि राजाला नीट अडचणीत आणतो.

नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते भागांहून वेगळा असा एक 'अवयवी', म्हणजे अखंड पदार्थ, खरोखर असतो. याला न्यायसूत्रांनी दिलेला एक पुरावा मला फार आवडतो, कारण तो अगदी हातानं करून बघता येतो. घड्याची कड धरून ओढली तर सबंध घडा येतो. वाळूच्या ढिगातून मूठभर वाळू उचलली तर ढीग जागच्या जागी राहतो. धरणं आणि ओढणं, एवढीच ती परीक्षा. एक भाग ओढल्यावर सगळं हललं तर समजा की तिथं भागांच्या पलीकडचं काही आहे. यावर विरोधक म्हणतात, अहो, लांबून सैन्य किंवा रान बघितलं तर तेही एकच दिसतं, म्हणून का ते एक असतं? जवळ गेलं की सुटे सैनिक, सुटी झाडं. अणूंच्या बाबतीत नैयायिक ही तुलना नाकारतात, पण रानाबद्दल त्यांचंही वेगळं मत नाही.

तर विद्यापीठ हा घडा आहे की रान?

मला वाटतं ही परीक्षा लावण्यासारखी आहे. पालीच्या वर्गात आठऐवजी चार मुलं झाली, तर फिजिक्सच्या लॅबमध्ये कुणाला जाणवेल? महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर, तासाला इतके रुपये या हिशेबानं, माणसं वर्षानुवर्षं शिकवताहेत. एखाद्या कॉलेजात मराठीचा असा शिक्षक जून महिन्यात पुन्हा बोलावला गेला नाही, तर रसायनशास्त्राच्या स्टाफरूममध्ये चहा थांबतो का? थांबत नसेल तर आपल्यापुढे घडा नाही. लांबून, फोटोतून, मनोऱ्यासकट एक दिसणारं रान आहे.

सी. पी. स्नो यांनी १९५९मध्ये केंब्रिजला 'टू कल्चर्स'वर व्याख्यान दिलं, त्यात त्यांचा रोख अज्ञानावर होता. साहित्यवाल्यांना थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम माहीत नाही, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नाही. मला हे अर्धंच पटतं. अज्ञान हा तसा बरा होणारा आजार आहे, यूट्यूबवर वीस मिनिटांत दुसरा नियम निदान ओळखीचा होतो. दुखणं वेगळं आहे. एका इमारतीचं नुकसान दुसरीला स्वतःचं वाटत नाही, हे ते दुखणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये कला आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती काढायचं म्हटलंय आणि कागदावर ते उत्तमच आहे. पण दुसऱ्या शाखेचा पेपर मुलं बहुतेक वेळा टाइमटेबलमध्ये बसतो म्हणून घेतात, कुतूहल वाटतं म्हणून क्वचित. क्रेडिट मिळतात, भिंत तशीच राहते, फक्त तिला आता एक खिडकी आहे जिथं फॉर्म घेतात.

या बाबतीत मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले, पुण्यात राहिलेले गणिती. प्राचीन आहत नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येनं तराजूत तोलली. कल्पना साधी होती. नाणं हातोहाती फिरताना झिजतं. जितकी वर्षं फिरलं तितकं सरासरी वजन उतरतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. म्हणजे एका ठेव्यातल्या नाण्यांची वजनं मांडली तर कुठली आधीची, कुठली नंतरची, हे संख्याशास्त्रानं सांगता येतं. पद्धत बरोबर आहे का हे तपासायला त्यांनी चालू चलनातली नाणीही तोलली. याच माणसानं भर्तृहरीच्या शतकांची हस्तलिखितं ताडून पाहून चिकित्सक आवृत्ती काढली. भावाला नाण्यांची गोष्ट सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा उत्साहानं बोलला. मी आपलं थोडक्यात सांगत होते, त्याला व्हेरिअन्स कसं काढलं ते हवं होतं.

पण कोसंबींचं उदाहरण जितकं उमेद देतं तितकंच अस्वस्थ करतं. त्यांच्यात घडा अखंड होता, संस्थेत नव्हता. १९६२मध्ये टीआयएफआरनं त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही, आणि १९६६मध्ये ते गेले. एका माणसात सगळं एकत्र येणं ही भाग्याची गोष्ट, पण माणूस गेला की ते संपतं. विद्यापीठ हवं ते यासाठीच, की हे एकत्र येणं कुणा एकाच्या प्रतिभेवर अवलंबून राहू नये. नारळीकरांचं मोठेपण मला इथंच जास्त वाटतं. त्यांचे वडील गणिती, आई संस्कृतच्या जाणकार. त्यांनी स्वतः पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून. बक्षीस मिळालंच. पण नुसतं स्वतः दोन्हीकडे वावरून ते थांबले नाहीत. २८ फेब्रुवारीला झेडपीच्या शाळेतली पोरं न्यूटनशेजारी बसतात, ती सोय त्यांच्यामागेही चालू आहे.

आता यातला नैतिक प्रश्न. विद्यापीठ हे नुसतं नाव असेल, किंवा राइल म्हणतो तशी रचना असेल, तर ते बिघडल्यावर जाब कुणाला विचारायचा? कुलगुरू म्हणतील, मी पाच वर्षांसाठी आलो. प्राध्यापक म्हणतील, पदं शासन भरतं. शासन म्हणेल, विद्यापीठ स्वायत्त आहे. विद्यार्थी म्हणतील, आम्ही दोन वर्षांचे पाहुणे. प्रत्येकाचं खरं आहे, आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं खोटं होतं.

'मिलिंदपञ्ह'मध्येच याच्यावर आणखी एक दृष्टान्त आहे. एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणतो, यानं जमिनीत लावला तो आंबा वेगळा होता, मी तोडले ते वेगळे, मग मी याचं काय चोरलं? राजालासुद्धा हे पटत नाही. चोर दोषीच, कारण तोडलेले आंबे त्या लावलेल्या आंब्यातूनच आले. म्हणजे ज्या नागसेनानं रथ नावाची वस्तू नाही म्हटलं, तोच म्हणतो की जबाबदारी मात्र संपत नाही. वस्तू अखंड नसली तरी कारणांची साखळी अखंड असते. १९४९मध्ये गव्हर्नराच्या बंगल्यात विद्यापीठ थाटणाऱ्यांपैकी आज कुणी नाही. पण आज तिथं जो पगार घेतो, पदवी घेतो, किंवा माझ्यासारखा त्या पदवीवर कंपनीत कंटेंट लिहून पोट भरतो, तो त्यांच्याच झाडाचा आंबा खातोय. परत काही करायचं देणं त्यातूनच लागू होतं. मी काय करते? वर्षातून दोनदा विभागात जाऊन बसते, एका त्रैमासिकाची वर्गणी भरते. फार नाही, पण 'विद्यापीठानं काहीतरी केलं पाहिजे' असं म्हणायची सोय त्यामुळे माझ्यापुरती तरी गेली.

मावशीच्या यजमानांचा प्रश्नही मी बाजूला सारणार नाही. पुढे काय, हे विचारणं क्षुद्र नाही. ज्या घरात दुकान चाललं नाही तर फी भरली जात नाही, तिथं ज्ञानासाठी ज्ञान हे वाक्य जरा ऐटीचंच वाटतं. मला एवढंच म्हणायचंय की फिजिक्स किंवा इतिहास, हा पर्याय त्या पोरापुढे इतक्या धारदारपणे उभा राहिला तो त्याच्या स्वभावामुळे नाही. दोन इमारतींमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर आहे आणि ते चालून जाणारं कुणी दिसत नाही, म्हणून तो पर्याय झाला. नाहीतर ती एकाच दिवसातली दोन कामं असती.

दुपारी जेवून झाल्यावर तो म्हणाला, इतिहास विभागात जाऊन येतो, तू थांब कँटीनमध्ये. मी थांबले. तासाभरानं आला. वर्ग चालू होता, दारात उभं राहून त्यानं बसू का विचारलं. मॅडमनी विचारलं कुठला तू, यानं खरं ते सांगितलं: लातूर, बी.एस्सी., फिजिक्स. त्या म्हणाल्या, "बस की. हजेरी लागणार नाही, एवढंच."

कशावर होतं, मी विचारलं. पेशवाईतल्या जमीन महसुलावर. निम्मं कळलं नाही म्हणाला, आणि मधे बराच वेळ कंटाळाही आला. पण एका कोष्टकात बेरीज चुकली होती, ती त्यानं हात वर करून सांगितली.